"एकदा खाऊन तर बघ!": जेवायला बोलावताना या चुका टाळा

पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि मग त्याच्या जिभेला वळण लावायला बसायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. दर सणाला तेच बघून वैताग आलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट म्हणजे नको म्हटलेली गोष्ट लपवून घालणं. आमच्या काकूंचे जावई कोथिंबीर खात नाहीत. काकूंच्या मते हे सगळे लाड, म्हणून दिवाळीत मटारउसळीच्या वाटणात काड्यांसकट अर्धी जुडी फिरवली, कळणारपण नाही म्हणे. पहिल्याच घासाला जावईबापू थांबले, पाणी प्यायले आणि मग गुपचूप नुसता दहीभात. आता त्या घरी प्रत्येक वाटी चमच्याने उकरून बघतात आणि काकू चिडतात की माझ्यावर विश्वासच नाही. कसा असेल? बरं, काहींना कोथिंबीर खरंच साबणासारखी लागते, तिच्यातल्या अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा वास त्यांना जास्त येतो आणि २०१२ च्या एका अभ्यासात त्याचा थोडाफार संबंध वास ओळखणाऱ्या जीनशी सापडलाय. पण जीनबिन सोडा, नुसतं आवडत नसेल तरी नको म्हणजे नको.

मी कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबू, ठेचा सगळं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवतो. भांडी जास्त पडतात, पडू देत.

चातुर्मास पाळणाऱ्याला "त्याने काय होतं?" विचारू नका. कांदेनवमीला भजी हाणून आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद, हा त्याचा हिशोब. त्याची भाजी आधी फोडणीला टाका, मग आपली. पाळणाऱ्यांनीही दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नये, तेवढं कळवा त्यांना.

आमटीत गूळ दिसला की कोल्हापूरकर हसणार, सावजी रस्सा खाऊन पुणेकराचं नाक वाहिलं की नागपूरकर हसणार. एकदा हसा, दर घासाला नको.

ताटावर हात आडवा आला की जिलबी परत न्यायची. बास.

आणि नवीन लग्न झालेले! यांना भलतीच घाई, पहिल्या महिन्यातच बायकोला सुकट आवडायला हवी, मग पिठात घोळवून दे, वड्यात घालून दे, सगळे शॉर्टकट यांच्याकडे. अरे बाबा, तू तुझी सुकट भाज, खिडकी उघड आणि तिच्यासाठी पिठलं टाक. वाटलं तर ती आपणहून मागेल, नाही मागितली तर तुला दोन घास जास्त.