रीफ टाकीतले अनाहूत जीव : ओळख पटण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

रीफ टाकीसाठी, म्हणजे समुद्री प्रवाळ पाळायच्या टाकीसाठी, घरच्या घरी मीठ मिसळून कितीही शुद्ध खारे पाणी तयार केले, तरी लाइव्ह रॉकच्या (जीव वसलेल्या समुद्री दगडाच्या) कपारींतून आणि प्रवाळाच्या फ्रॅगखालच्या (लावायला आणलेल्या तुकड्याखालच्या) तळव्यावरून काही जीव न बोलावता टाकीत येतातच. त्यांच्यामुळे टाकीचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ओळख न पटवता घाईने केलेल्या उपायांमुळे होते, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त बळी जातो तो ब्रिसल वर्मचा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला हा किडा दिसला की लोक घाबरतात. वास्तविक त्याच्या बहुतेक जाती उरलेले अन्न आणि मेलेले जीव खाऊन वाळू स्वच्छ ठेवतात. त्यांची संख्या अचानक वाढली असेल, तर त्याचा अर्थ आपण खाद्य जास्त टाकत आहोत असा घ्यावा. मात्र त्याला उघड्या हाताने धरू नये. केस बोटांत रुतलेच, तर चिकटपट्टी लावून ते ओढून काढावेत. काचेवर पळणारे ठिपक्याएवढे पांढरे कोपेपॉड आणि वाकड्या पाठीचे अँफिपॉड हेही परजीवी नसून माशांचे खाद्य आहेत.

आयप्टेशियाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. हे तपकिरी, पारदर्शक, लांब शुंडकांचे छोटे समुद्रफूल दिसायला नाजूक असते, म्हणून काही जण ते कौतुकाने ठेवतात आणि नंतर संख्या वाढली की चिमट्याने खरवडतात. दगडावर राहिलेल्या पायाच्या तुकड्यातूनही नवे समुद्रफूल उगवत असल्याने खरवडण्याने ते अधिकच पसरते. पंप थोडा वेळ बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडावी, आणि एका वेळी मोजक्याच समुद्रफुलांवर हा उपाय करावा, म्हणजे पाण्याचा पीएच एकदम चढणार नाही. आयप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी आणताना तिच्यासारखीच दिसणारी, पण प्रवाळ कुरतडणारी कॅमल कोळंबी गळ्यात पडणार नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. आयप्टेशिया मारण्यासाठी दगड स्वयंपाकघरात उकळू नये. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) असेल, तर त्यातले पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. घोडबंदर रोडवरच्या किंवा ऐरोलीतल्या बंदिस्त फ्लॅटमध्ये अशी वाफ घरातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचते.

रात्री टाकीतून टकटक आवाज आला, तर दगड लगेच बाहेर काढू नये. हा आवाज पिस्टल कोळंबीचाही असू शकतो आणि मँटिस श्रिम्पचाही. दिवे बंद झाल्यावर लाल प्रकाशाच्या टॉर्चने पाहावे : पिस्टल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा खूपच मोठी असते आणि ती सहसा निरुपद्रवी असते, मँटिसचे डोळे दांड्यांवर फिरतात आणि पुढचे अवयव दुमडलेले असतात, त्याला मात्र बाहेर काढावेच लागते. केसाळ खेकडा आणि काळ्या टोकांच्या नांग्यांचा खेकडाही संशयास्पद समजावा. परंतु पोसिलोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांत राहणारा ट्रॅपेझिया खेकडा त्या प्रवाळाचा राखणदार आहे, त्याला हात लावू नये.

दगडाला चिकटलेल्या नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सुटत असतील, तर ती व्हर्मेटिड गोगलगाय होय. नळीचे तोंड सुपरग्लूने बंद करावे. जाळे न टाकणारी बारीक पांढरी वेटोळी स्पायरोर्बिड कृमींची असतात, ती तशीच राहू द्यावीत.

नवीन फ्रॅग एकदा डिप केला, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवला, की काम झाले, असेही मानू नये. डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून फ्रॅग वेगळ्या टाकीत ठेवून आठवड्याने पुन्हा डिप करावा, आणि शक्य असल्यास जुना तळवा काढून टाकावा.

काढलेला जीव वाशीच्या पुलावरून किंवा कोपरीच्या बाजूने खाडीत सोडू नये. ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथे परका जीव जाता कामा नये. नको असलेला जीव पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि तो पूर्ण मेल्यावर सुक्या कचऱ्यात न टाकता ओल्या कचऱ्यात द्यावा.