जुना मुक्तस्रोत गेम स्टीमवर चढवताना

कोड मुक्त आहे म्हणजे गेमही मुक्त, असं धरून चालू नका. ‘डूम’ या गेमचा कोड 1997 मध्ये खुला झाला, 1999 पासून तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण गेममधले नकाशे, राक्षस आणि आवाज यांचे हक्क राखीवच आहेत. ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ या गेमवरून बनलेल्या मुक्तस्रोत ओपनटीटीडीलाही पूर्वी मूळ गेमच्या फायली लागायच्या. चित्रांसाठी ओपनजीएफएक्स, आवाजांसाठी ओपनएसएफएक्स आणि संगीतासाठी ओपनएमएसएक्स असे मुक्त संच तयार झाले, तेव्हा कुठे तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. 2021 च्या एप्रिलमध्ये तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. तुम्हीही प्रत्येक चित्र, आवाज आणि फॉन्टचा परवाना आधी तपासा. ज्याचा धनी सापडत नाही ते काढा आणि नवं बनवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी मेहनत इथेच घालायची.

दुसरी अडचण स्टीमवर्क्स एसडीकेची, म्हणजे स्टीमच्या सोयी गेमला जोडणाऱ्या कोडच्या संचाची. तो बंदिस्त आहे. जीपीएल कोडला तो जोडून वाटायचा तर सगळ्या हक्कधारकांची संमती हवी, आणि शेकडो हात लागलेल्या जुन्या प्रकल्पात ती मिळणं जवळपास अशक्य. सुदैवाने तो जोडायची सक्ती नाही. मग अचीव्हमेंट्सवर (खेळातल्या कामगिरीच्या बिल्ल्यांवर) पाणी सोडावं लागेल. सेव्ह फायली मात्र कोडला हात न लावता स्टीमचा ऑटो-क्लाउड सांभाळतो. विंडोज आणि लिनक्सवर सेव्हचं फोल्डर वेगळ्या जागी असेल तर दोन्ही पत्ते एकमेकांशी जुळवून द्या, नाहीतर एका मशीनवरचा खेळ दुसऱ्यावर दिसणार नाही.

नोंदणीचे 100 डॉलर लागतात. फुकट गेममधून ते वसूल होतील अशी आशा ठेवू नका. पैसे भरल्यापासून 30 दिवस गेम प्रसिद्ध करता येत नाही, आणि पान किमान दोन आठवडे ‘लवकरच’ म्हणून दिसावं लागतं. त्या पानावर नेमक्या त्याच आवृत्तीच्या सोर्सचा दुवा द्या, परवान्याची फाइल गेमसोबत ठेवा.

विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी वेगळे डेपो (स्टीमवरचे फायलींचे गठ्ठे) करा, स्टीमसीएमडी या कमांड-लाइन साधनाने बिल्ड, म्हणजे तयार गेमच्या फायली, चढवा, आणि आधी पासवर्ड असलेल्या बीटा शाखेवर चालवून बघा. गेम उतरतो पण चालवायची फाइलच सापडत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा डेपो पॅकेजमध्ये (खेळाडूला मिळणाऱ्या संचात) घालायचा राहिलेला असतो, किंवा बदल सेव्ह करून ‘पब्लिश’ दाबलेलं नसतं. फक्त लिनक्सवर चित्रं गायब असतील तर फायलींच्या नावांतली लहान-मोठी अक्षरं बघा: विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.