केळकर संग्रहालयात जाताना घरातलं एक म्हातारं माणूस सोबत न्या

पुण्यात बाजीराव रस्त्यावर, नातूबागेपाशी राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुणेकर पाहुण्यांना हौसेने तिथे पाठवतात आणि स्वतः शाळेच्या सहलीनंतर फिरकत नाहीत. जे जातात ते मजले भराभर चढतात, मस्तानी महालापाशी थोडे रेंगाळतात आणि 'फार छान आहे हो' म्हणत बाहेर पडतात. तुम्हालाही तसंच बघायचं असेल तर माझ्या सल्ल्याची गरज नाही. तिकीट काढा आणि जा.

मी मात्र तिथे जाते ती अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दौती, दिवे, पानाचे डबे आणि भांडी बघायला. घराघरांतल्या बायकांनी रोज घासल्या आणि पुरुषांनी 'कुठे ठेवलंस ते?' म्हणून रोज शोधल्या, अशा वस्तू. दिनकर गंगाधर केळकरांनी (1896–1990) साधारण 1920 पासून हेच गोळा केलं. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस देशभर फिरून लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू आणत होता, आणि पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने हा व्याप सांभाळत होत्या. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. पुढे केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. 20,000 च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या 2,500 च्या आसपास. त्यामुळे सगळं पाहिल्याचं समाधान कोणालाच मिळत नाही. ते आधीच सोडून द्या, म्हणजे दिवस चांगला जातो.

कोणाला न्यायचं

ज्याने या वस्तू वापरल्या आहेत असं एक माणूस आणि ज्याने त्या कधीच पाहिल्या नाहीत असं एक पोर. मी माझ्या आत्याला आणि भाच्याला नेते. आत्या वाईची, ऐंशी ओलांडलेली. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. भाचा सहावीत. तो प्रश्न विचारतो, ती उत्तर देते आणि मी लिहून घेते. एरवी ती मला जुन्या गोष्टी सांगायला लागली की माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं. इथे कुकर नाही, हा या सहलीचा मोठाच फायदा.

आजोबांना नेलंत तरी चालेल. दौती, कुलपं, हुक्के यांच्यावर ते तासभर बोलतील. भांड्यांपाशी मात्र 'आमची आई करायची असलं काहीतरी' याच्या पुढे गाडी सरकत नाही, असा माझा अनुभव आहे.

वार शक्यतो बुधवार धरा. एक तर रविवारची गर्दी नसते, आणि दुसरं कारण पुढे येईल. 2024 पासून मेट्रो मंडईपर्यंत येते, तिथून संग्रहालय जवळच आहे. गुडघेवाल्या माणसाला रिक्षाने न्या. इतक्या जवळचं भाडं म्हणून रिक्षावाला तोंड वाकडं करील, तेव्हा म्हाताऱ्या माणसालाच पुढे करून बोलू द्या. सकाळी दार उघडतानाच पोहोचा. आत जिने आहेत, म्हणून एका मजल्यावर हवं ते सगळं पाहून झाल्याशिवाय वर जायचं नाही. सोबत एक कोरी वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली. फोनने फोटो काढायचे असतील तर तिकीट घेतानाच विचारून घ्या.

बघायचं कसं

कपाटापुढे उभं राहिल्यावर पाटी शेवटी वाचायची. आधी प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न: हिला हात कुठे धरत असतील? ती झिजली कुठे आहे? आणि ही धूत कशी असतील? तिसरा प्रश्न आत्याचा. पहिले दोन मी आधी विचारायचे, पण तिसऱ्याने जे कळतं ते निराळंच. मोर, हत्ती, वेलबुट्टी असलेला भलताच नक्षीदार दिवा पाहून मी 'काय काम केलंय!' म्हटलं, तर आत्या म्हणाली, "करणाऱ्याचं काय जातंय? त्या मोराच्या पिसाऱ्यातली तेलाची चिकटी काढायची कोणी?" मग तिने भाच्याला चिंच, राख आणि काथ्याची कृती सांगितली. समईचे भाग सुटे होतात, म्हणून ती घासायला सोपी. साखळीचा लामणदिवा खाली उतरवायचा म्हणजे आधी घरातला उंच पुरुष शोधायचा.

अडकित्त्यांपाशी भरपूर वेळ काढा. घोडा, मोर, पोपट, एकमेकांना बिलगलेलं जोडपं, काय म्हणाल ते आकार आहेत. मुलं आकारांवर खूश होतात, होऊ द्या. मग त्यांना पात्याकडे बघायला सांगा. अंग पितळेचं असलं तरी कातरणारं पातं लोखंडी हवं, कारण पितळेला धार टिकत नाही. जो अडकित्ता रोज वापरात होता त्याचं पातं धार लावून लावून आत गेलेलं दिसतं आणि दांड्यावरची नक्षी बोटांखाली पुसट झालेली असते. ज्याची नक्षी अजून टोकदार आहे तो तबकात मिरवायला होता, सुपारी दुसराच कोणी फोडत होता. भाच्याला आम्ही कामकरी अडकित्ते आणि मिरवणारे अडकित्ते अशा दोन याद्या करायला दिल्या. त्याने जोडप्याचा अडकित्ता कामकऱ्यांत टाकला, आणि का विचारल्यावर म्हणाला, "नवऱ्याचं नाक गेलंय." बरोबर होतं.

तिथेच पानाच्या सामानाची सगळी फौज पाहून घ्या: डबे, चुन्याच्या डब्या, पिंक टाकायची तस्तं. पान कसं लावायचं ते सोबतच्या माणसाला हाताने करून दाखवायला सांगा. रिकाम्या हातांनीच, पण देठ खुडण्यापासून. आत्याने शिरा काढल्या, चुना बोटाने फिरवला, काताचा ठिपका दिला आणि विडा मिटून लवंग टोचली. शेजारी उभं असलेलं एक अनोळखी कुटुंबही थांबून बघत होतं.

वज्री मुलांना सांगूनही ओळखता येत नाही. पाय घासायची ती. पाठीवर पक्षी किंवा प्राणी, खालचा तळ खरखरीत, आणि काहींच्या पोटात खडे, म्हणजे घासताना आवाज यावा. राजवाड्यातली चैन वाटते, पण आत्याचं म्हणणं असं, की अनवाणी चालणाऱ्या बाईच्या टाचा बारा महिने फुटलेल्या असत, चैन कसली त्यात. खालचा तळ बघा: घासून गुळगुळीत झालेली वज्री दिसली तर ती कोणाच्या तरी टाचांनी झिजवलेली आहे.

दौतींपाशी पोराला विचारा, टीपकागद नव्हता तेव्हा ओली शाई वाळवायची कशी? बारीक वाळू भुरभुरवून मग कागद झटकायचा. बोरू, चाकू, दौत, वाळूची डबी एवढा संसार मांडून मगच कारकून एक ओळ लिहायचा. आमच्या बँकेत पेन दोरीने बांधलेलं असतं, तेही चालत नाही, ती गोष्ट वेगळी.

मस्तानी महालाला पाच मिनिटं पुरतात. कोथरूडच्या मूळ महालाचे अवशेष आणून तो इथे उभारला आहे, खांबांवरचं काम सुंदर आहे. पण मस्तानीबद्दल लोकांना सगळं आधीच ठाऊक असतं, आणि सिनेमाच्या गप्पा सुरू झाल्या की म्हातारं माणूस गप्प होतं. वाद्यांचं दालन कोणी गाणारं सोबत असेल तरच सावकाश करा.

म्हातारं माणूस बोलायला लागलं की मध्ये तोडू नका आणि फोन तोंडासमोर धरू नका. खिशात रेकॉर्डिंग सुरू ठेवा, पण त्यांना आधी सांगून. पोराने वहीत तीनच वस्तूंची चित्रं काढायची आणि खाली त्या कशा चालतात ते लिहायचं. चित्र काढल्याशिवाय झाकण कुठे उघडतं हे दिसतच नाही.

दुपार

आत्या असली की जेवणाची वेळ टळून चालत नाही. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत थाळी घ्या. रांग असते, म्हणून थोडं लवकर जा. जेवून रिक्षाने कसबा पेठेत तांबट आळीला. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके देऊन जी ठिपक्यांची चकाकी आणतात, तिला मठार म्हणतात. ती फक्त शोभेची नाही, ठोक्यांनी पत्रा कडक होतो. सकाळी कपाटात पाहिलेल्या घंगाळाच्या अंगावर तेच ठोके होते, हे पोराला इथे आवाज ऐकून कळतं. कारागीर कामात असतात, उगाच वाटेत उभं राहायचं नाही. एखादी वाटी तरी विकत घ्यावी.

कोणी कल्हई करताना दिसलं तर मात्र थांबाच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा की पांढरा धूर निघतो, मग कथलाचा तुकडा लावून कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं, आणि पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. कल्हई गेलेल्या पितळेत आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणजे धातूमुळे बिघडतं. भाच्याने हा शब्द वहीत लिहून घेतला आणि घरी जाऊन आईच्या स्टीलच्या पातेल्यातल्या भाजीला लावला. मार खाल्ला नाही एवढंच.

बुधवार का

कारण बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. सकाळच्या अभ्यासाची परीक्षा तिथे. जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा: तांब्या-पितळेला ते चिकटत नाही, पितळेचं पाणी दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतं. दुकानदार रागावत नाहीत, उलट गिऱ्हाईक कळतंय म्हणून भाव जरा सरळ सांगतात.

मग झीज बघा. मुद्दाम रसायन लावून जुनी केलेली वस्तू सगळीकडून सारखीच काळी असते. खरी जुनी खाचांत काळी आणि हात लागतो तिथे उजळ असते; बूड घासलेलं असतं, काठाला पोचे असतात, कडीच्या भोकाची एकच बाजू खाल्लेली असते. भांड्यांवर नावं कोरलेली सापडतात, 'चि. सौ. कां.' वगैरे, लग्नाच्या तारखेसकट. माझी पसंती अशांना.

धान्याची मापं दिसली तर सुटं एक घेऊ नका, लागोपाठची दोन तरी घ्या. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. घरी तांदूळ घालून हे पोराकडून मोजून घ्या. थोडं कमी-जास्त भरतंच, मग ते तळाकडे बघायला लागतं की माप पोचलंय की आधीपासूनच कोणी ठोकून लहान केलंय.

घेतलेल्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर आधी कल्हई करून घ्या. तांब्याच्या लोट्यात फक्त पाणी, लिंबू सरबतसुद्धा नाही. आणि घासाघीस स्वतः करू नका. "तीनशेला हे? अहो, हे तर झाळ देऊन सांधलंय," हे आत्याच्या तोंडून आलं की भाव आपोआप उतरतो.