काखेतील धमन्या ओळखताना या चुका टाळा

अ‍ॅक्झिलरी धमनीच्या, म्हणजे काखेतून हाताकडे जाणाऱ्या मुख्य धमनीच्या, सहा शाखा पाठ असणे वेगळे आणि प्रत्यक्ष काखेत त्या ओळखता येणे वेगळे, हे मला दरवर्षी नव्या तुकडीला सांगावे लागते. सर्वांत घातक चूक म्हणजे पुस्तकातल्या जागी धमनी दिसली नाही की ती नाहीच असे मानणे.

एकदा शवविच्छेदनाच्या एका टेबलावर क्वाड्रँग्युलर स्पेसमध्ये (खांद्यामागच्या चौकोनी फटीत) अ‍ॅक्झिलरी नर्व्ह सापडली, पण तिच्यासोबत असणारी पोस्टिरिअर सर्कमफ्लेक्स ह्यूमरल धमनी सापडेना. "मॅडम, आधीच्या बॅचने तोडली असेल," असे म्हणून मुले पुढे सरकली आणि टेरिस मेजर स्नायूच्या खालच्या कडेशी आडवी येणारी एक वाहिनी व्हेन समजून त्यांनी कापून टाकली. मी तिची दोन्ही टोके चिमट्यात धरली, तर भिंत जाड होती आणि तोंड गोल उघडे राहिले होते. खालचे टोक दंडातल्या प्रोफंडा ब्रेकाय धमनीला मिळत होते, तर वरचे टेरिस मेजरच्या मागून चढून ह्यूमरस या दंडाच्या हाडाच्या सर्जिकल नेकला (डोक्याखालच्या अरुंद भागाला) वळसा घालत डेल्टॉइड स्नायूखाली शिरत होते. ज्या धमनीचा शोध चालला होता, तीच त्यांनी कापली होती.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्यूमरसच्या डोक्याचा सरासरी ६४ टक्के रक्तपुरवठा याच धमनीतून होतो असे दिसले. त्याआधी मुख्य पुरवठा अँटिरिअर सर्कमफ्लेक्स धमनीचा मानला जाई. म्हणून टेरिस मेजरचा टेंडन सोडवताना त्याच्या खालची कडा न पाहता कात्री चालवणे मला मान्य नाही. शाखा शेवटपर्यंत सोडवल्याशिवाय मी तिला नाव देत नाही; तोवर तिच्याभोवती फक्त धागा सैल अडकवून ठेवते. यात अर्धा तास जातो, आणि तो गेलाच पाहिजे.

सबस्कॅप्युलर आणि पोस्टिरिअर सर्कमफ्लेक्स या धमन्या पुष्कळदा एकाच खोडातून निघतात, त्यामुळे लॅटिसिमस डॉर्साय फ्लॅप (पाठीच्या स्नायूचा दुसरीकडे बसवायचा तुकडा) उचलताना उगमापाशी घाईने गाठ मारू नये. सुप्रास्कॅप्युलर धमनी खांद्याच्या फऱ्याच्या खाचेवरील लिगामेंटच्या वरून जाते हा पाठांतरातला नियम आहे. काही खांद्यांत ती नर्व्हसोबत खालून जाते, तेव्हा लिगामेंट कापण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. डॉर्सल स्कॅप्युलर धमनी ब्रेकियल प्लेक्सस या हाताच्या नर्व्हच्या जाळ्यातून जाऊ शकते, म्हणून सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉकची (हात बधिर करण्यासाठी गळ्याजवळच्या हाडाच्या वर द्यायच्या इंजेक्शनची) सुई घालण्यापूर्वी रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर लावून पाहावा.