‘हार्मोन नाही’ लिहिलेली प्लेट आणि इतर चुका : या टाळा

प्रयोगशाळेत कुणीतरी आलेख घेऊन येतं आणि म्हणतं, ‘एस्ट्राडायोल दिलं, पण गर्भाशयाच्या अभिस्तर पेशींवर काहीच फरक नाही.’ (एस्ट्राडायोल म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन; अभिस्तर पेशी म्हणजे अवयवाच्या अस्तराच्या पेशी.) मी आलेखाकडे बघतच नाही. म्हणते, मीडियाची, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाची, बाटली आण. बाटली लालगुलाबी निघते आणि त्यात मिसळलेलं सिरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, साधं, न गाळलेलं. मग पुढचं बोलणं फारसं उरत नाही.

तो लाल रंग फिनॉल रेडचा, आम्लता डोळ्यांनी कळावी म्हणून घातलेला. हा रंग इस्ट्रोजेनसारखा वागतो हे 1986 मध्येच एमसीएफ-7 या स्तनकर्करोगाच्या पेशींवर दिसलं होतं. खरा दोष त्यातल्या अशुद्धीचा, हे नंतर कळलं. सिरममध्ये तर प्राण्याच्या रक्तातले स्टेरॉइड हार्मोन आयतेच येतात. म्हणजे ज्या प्लेटवर तुम्ही ‘हार्मोन नाही’ असं लिहिता, तिथे थोडं हार्मोन आधीच बसलेलं असतं.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. चार महिने मी पीआयजीआर मोजत होते. आयजीए प्रतिपिंडाला पेशीच्या तळाकडून वरच्या बाजूला वाहून नेणारा हा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन. एस्ट्राडायोल दिलं काय, न दिलं काय, आकडे तेच. मी मोजणीसाठी वापरलेल्या अँटीबॉडीला दोष दिला, दुसरी मागवली, तीही बदलली. एके दिवशी मीडिया संपला म्हणून शेजारच्या टेबलावरचा बिनरंगी मीडिया आणि कोळशाने गाळलेलं सिरम उसनं घेतलं. फरक दिसला! एस्ट्राडायोलवाल्या प्लेटचे आकडे होते तिथेच होते, खाली आला होता तो कंट्रोल, म्हणजे हार्मोन न दिलेली प्लेट. चार महिने माझा कंट्रोलच फुगलेला होता.

तेव्हापासून हार्मोन देण्याआधी पेशी 48 तास बिनरंगी मीडिया आणि गाळलेल्या सिरमवर ठेवते. ‘24 तास पुरतील का?’ हा प्रश्न नेहमी शुक्रवारी येतो. कधी पुरतात, पण मला त्या ‘कधी’वर प्रबंध लिहायचा नसतो. कोळसा स्टेरॉइडबरोबर इतरही बरंच काही ओढून घेतो, पेशी मरगळतात. काय आणि किती ओढलं जातं ते बॅचगणिक बदलतं, म्हणून एका प्रयोगात सिरमचा बॅच एकच.

अभिस्तर पेशींच्या तयार मीडियाची पुरवणीही वाचा. तिच्यात बहुतेक वेळा हायड्रोकॉर्टिसोन असतं. दाह दाबणारं हार्मोन पाजून दाहाचे रेणू मोजायला बसलेले मी पाहिले आहेत.

दुसरी माझी खास चीड ट्रिप्सिनची. फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे एकेका पेशीवरचे रेणू मोजण्यासाठी, पेशी सुट्या करायच्या, घाई आहे, म्हणून ट्रिप्सिन. पृष्ठभागावरचे रेणू मोजायचे आणि पृष्ठभागच कापणारं एन्झाइम ओतायचं! काही रेणू टिकतात, काही जातात. कोणते ते आधी तपासल्याशिवाय कळत नाही. मी ईडीटीए वापरते; ते कॅल्शियम धरून पेशी सोडवतं, रेणू कापत नाही. वेळ लागतो, लागू दे.

पीआयजीआरच्या बाबतीत तर पृष्ठभागाचा आकडा एकट्याने फसवतोच. हा रिसेप्टर वरच्या टोकाला पोचला की कापला जातो आणि त्याचा तुकडा स्रावात सुटतो. त्यामुळे पृष्ठभागावर कमी दिसला म्हणजे कमी बनला असं नाही, भराभर सुटतही असेल. पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवा, थराचा विद्युतरोध मोजून थर घट्ट झाल्याची खात्री करा, मग वरचा आणि खालचा द्रव वेगवेगळा तपासा. साध्या प्लेटमध्ये खालचा द्रव हाती लागतच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. इथेनॉलमध्ये हार्मोन विरघळवलंत तर कंट्रोललाही तेवढंच इथेनॉल; मी 0.1 टक्क्याच्या वर जात नाही. पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर शिल्लक आहे का हे पहिल्या दिवशी बघा, पेशीवंश पिढ्यांमागून पिढ्या वाढवताना तो हरवू शकतो. पाळीच्या मध्याला रक्तातलं एस्ट्राडायोल साधारण 1 नॅनोमोलरच्या आसपास जातं. तुम्ही त्याच्या हजारपट दिलंत तर तो प्रयोग शरीराबद्दल काहीच सांगत नाही. प्रोजेस्टेरॉनही भरमसाट दिलं की कॉर्टिसोलच्या रिसेप्टरला चिकटतं. इस्ट्रोजेन रोखायला टॅमॉक्सिफेन हे औषध नको, गर्भाशयात ते उलट इस्ट्रोजेनसारखंच वागतं, त्याऐवजी फुलवेस्ट्रंट हे औषध घ्या. पेशींत गुपचूप वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची चाचणी महिन्याला, कुरकुर न करता.

आणि एका अवयवाचा निकाल दुसऱ्याला लावू नका. उंदरांच्या जातीतल्या रॅटमध्ये एस्ट्राडायोलने गर्भाशयाच्या स्रावातलं आयजीए वाढतं, तर योनीच्या स्रावातलं कमी होतं. प्राणी एक, हार्मोन एक. तरीही ‘इस्ट्रोजेन प्रतिकारशक्ती वाढवतं’ असं शीर्षक घेऊन मसुदे येतात, आणि मी पहिल्याच ओळीत लाल पेनाने लिहिते : कुठे?