फायबरच्या सळ्या वापरताय? मग या चुका टाळा

कोकण किनारपट्टीवर घर बांधणाऱ्याची लोखंडाबद्दलची भीती खरी आहे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि कमी पडलेलं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) एकत्र आलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि स्लॅबच्या तळाचे पोपडे खाली पडायला लागतात. अशा माणसाला कुणी काचतंतू आणि रेझिनपासून बनवलेली, म्हणजे जीएफआरपीची सळई दाखवली आणि 'ही कधीच गंजणार नाही, वजन लोखंडाच्या चौथाई, ताकद जवळपास दुप्पट' असं सांगितलं, तर तो तयार होणारच.

तिन्ही दावे बरोबर आहेत. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या हॉल्स हार्बरचा धक्का आणि क्वेबेकमधल्या शेरब्रूकचा जोफ्र पूल ही १९९०च्या दशकातली कामं. काही वर्षांनी त्यांच्या काँक्रीटचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढून तपासले, तेव्हा आतले काचतंतू शाबूत निघाले. माल चांगला आहे. घोटाळा होतो तो लोखंडाचं ड्रॉइंग तसंच ठेवून नुसती सळई बदलल्यामुळे. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

'१० एमएमच्या जागी ८ एमएम चालेल'

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. विक्रेता जो हिशोब मांडतो तो आधी पाहू. १० एमएमच्या लोखंडी सळईचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर. एफई ५०० हा लोखंडाचा दर्जा म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, म्हणून एक सळई साधारण ३९ किलोन्यूटन, ढोबळमानाने चार टन ओढ सोसते. ८ एमएमच्या फायबर सळईचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर, पण तिची ताकद ९०० धरली तर ती ४५ किलोन्यूटन घेते. आकडे चुकीचे नाहीत. मालकाला वाटतं, सळई बारीक झाली आणि ताकद वाढली.

पण स्लॅब तुटण्याच्या कितीतरी आधी तो वाकतो आणि त्याला तडे जातात. सळई किती ओढ सोसते यावर ते ठरत नाही, ओढ आल्यावर ती किती लांबते यावर ठरतं. त्याला मॉड्युलस म्हणतात. लोखंडाचा मॉड्युलस २०० गिगापास्कल, जीएफआरपीचा साधारण ४५ ते ६०. आता ५० धरून ताठपणाचा हिशोब करा. १० एमएम लोखंड: ७८.५ गुणिले २००, म्हणजे १५,७००. ८ एमएम फायबर: ५० गुणिले ५०, म्हणजे २,५००. ताकद थोडी वाढली, ताठपणा मात्र सहाव्या हिश्शावर आला. अगदी १० ला १० टाकली तरी तो चौथ्या हिश्शावरच येतो.

सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढल्यावर काही दिवसांत स्लॅबला मधोमध झोळ दिसतो, तळाला समांतर तडे येतात, वरच्या टाईल्स सुटतात, दार चौकटीला घासायला लागतं. गॅलरीत हे सगळ्यात आधी कळतं, कारण ती एकाच बाजूला धरलेली असते. स्लॅब पडेलच असं नाही. पण त्या घरात राहणाऱ्याला रोज ते दिसत राहतं, आणि नंतर त्यावर स्वस्तातला उपाय नसतो.

म्हणून फायबर सळईच्या स्लॅबचं डिझाइन बहुतेक वेळा ताकदीवर ठरत नाही, झोळ आणि तड्याची रुंदी यांवर ठरतं. सळ्या जवळ जवळ घ्याव्या लागतात किंवा स्लॅबची जाडी वाढवावी लागते. 'यात सळई कमीच लागते' असं कुणी सरसकट सांगत असेल, तर त्याच्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं नवं कॅल्क्युलेशन मागा.

याच्याच जोडीची एक गोष्ट बाजारात कुणी बोलत नाही. काचतंतूवर कायमचा जड भार ठेवला, तर तो तेवढ्याच भाराखाली वर्षांनी अचानक तुटू शकतो. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या आधीच्या मार्गदर्शिकेत कायमच्या भाराखालचा ताण डिझाइन ताकदीच्या २० टक्क्यांवर रोखला होता. २०२२ मध्ये आलेल्या एसीआय ४४०.११ या कोडमध्ये ती मर्यादा ३० टक्के आहे. पाण्याची टाकी, मातीचं भरण किंवा जड भिंत सतत पेलणाऱ्या भागात '९०० ची ताकद' कागदावरच राहते.

कॉलम आणि बीममध्ये घालणं

लोखंड तुटण्याआधी ताणतं. एफई ५०० डी सळई तुटेपर्यंत किमान १६ टक्के लांबली पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. भूकंपात इमारत उभी राहते ती याच गुणावर: सांध्यापाशी लोखंड वाकतं, ताणतं, धक्क्याची ऊर्जा खातं आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या भारतीय मानकातलं सगळं डिटेलिंग, रिंगांच्या जवळच्या अंतरापासून १३५ अंशांच्या हुकापर्यंत, हे गृहीत धरूनच लिहिलेलं आहे. फायबर सळई दीड-दोन टक्के लांबते आणि तुटते. मधली पायरी नाही.

१९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी पाहिलेल्या राज्यात घराच्या फ्रेममध्ये ही सळई घालायला माझा स्पष्ट विरोध आहे. कॉलममध्ये दाबाखाली तिचा हातभारही इतका कमी की डिझाइनमध्ये तो बहुधा धरलाच जात नाही. कॉलम, बीम आणि जिन्याच्या खोलीच्या भिंती लोखंडाच्याच ठेवा. गंजाची भीती असेल तर कव्हर नीट द्या, काँक्रीट घट्ट आणि कमी पाण्याचं करा.

मग ही सळई कुठे घालावी? जमिनीवरचा काँक्रीट रस्ता आणि पार्किंगची फरशी, समुद्राकाठची संरक्षक भिंत, जेटी, खाऱ्या पाण्याचा कालवा, एमआरआयची खोली, आणि मेट्रोच्या बोगद्याचं यंत्र जिथून आरपार जायचं असतं तो भिंतीचा भाग. यंत्राच्या दातांनी लोखंड कापत नाही, फायबर सहज कापलं जातं. या ठिकाणी ती लोखंडापेक्षा सरस आहे.

साइटवर वाकवणं

बारबेंडरला हुक मारायची सवय असते, हात आपोआप जातो. एका बंगल्याच्या कामावर फिटरने १० एमएमची फायबर सळई नेहमीच्या लोखंडी डायवर टाकून पाइपाने ओढलेली मी पाहिली. आधी ती धनुष्यासारखी वाकली आणि सोडताच सरळ झाली. मग त्याने जोर लावला. वाकाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उमटली, बारीक करकर ऐकू आली आणि बाहेरचे तंतू सुटून झाडूसारखे उभे राहिले. मुकादम म्हणाला, 'गॅसने गरम करून बघू.' तेही चालत नाही. हे रेझिन एकदा कडक झालं की गरम करून पुन्हा घडत नाही, फक्त जळतं.

रिंगा, एल आणि हुक कारखान्यातच रेझिन ओलं असताना वळवून घ्यावे लागतात. म्हणजे मापं ऑर्डरच्या आधी पक्की हवीत. शिवाय वळवलेल्या जागी ताकद सरळ भागापेक्षा बरीच कमी भरते, तेव्हा वाकाच्या जागेचं वेगळं टेस्ट सर्टिफिकेट मागा. पांढरी रेघ उमटलेली सळई बाजूला काढा. तिला टेप गुंडाळून वापरू नका.

कापणं, बांधणं, ओतणं

लोखंडाचं शिअर कटर वापरलं की टोक चेचलं जातं, तंतू फाकतात आणि तिथून काँक्रीटमधलं अल्कलीयुक्त पाणी आत शिरतं. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कापा. मास्क, गॉगल आणि हातमोजे कापणाऱ्याला सक्तीने द्या. काचेची धूळ फुप्फुसात जाते, आणि कातडीत घुसलेली कूस दिवसभर टोचत राहते.

सळई हलकी आणि लवचीक, त्यामुळे दोन खुर्च्यांच्या (सळ्या उचलून धरणाऱ्या आधारांच्या) मध्ये ती लोंबते. खुर्च्या लोखंडाला देतो त्यापेक्षा जवळ द्या. जाळीवरून माणसं चालत असतील तर फळ्या टाका, नाहीतर कव्हरचं माप उरत नाही.

आणखी एक गोष्ट लोखंडावर काम केलेल्याच्या डोक्यातच येत नाही. ही सळई ओल्या काँक्रीटपेक्षा हलकी असते. सळईची घनता साधारण २,१०० किलो प्रति घनमीटर, काँक्रीटची २,४००. व्हायब्रेटर लावला की जाळी वर तरंगू शकते. खाली राहायला हवी ती सळई वर सरकली, तर स्लॅबला ताण येतो तिथे काहीच उरत नाही. जाळी ठिकठिकाणी खाली शटरिंगला बांधून घ्या आणि ओतताना एक माणूस फक्त त्यावर लक्ष ठेवायला उभा करा.

दोन सळ्या जोडताना ओव्हरलॅपला '५० डी', म्हणजे व्यासाच्या ५० पट, हा तोंडपाठ नियम इथे लावू नका. पकड सळईच्या पृष्ठभागावर ठरते. वाळू चिकटवलेली, दोरा गुंडाळलेली आणि खाचा पाडलेली सळई काँक्रीटला वेगवेगळी धरते. लॅपची लांबी डिझाइनरने लिहून दिलेली असावी. कव्हरही 'गंजत नाही ना' म्हणून कमी करू नका. ही सळई आडव्या दिशेने काँक्रीटपेक्षा जास्त प्रसरण पावते, आणि पातळ कव्हर उन्हात तिच्या रेषेत चिरतं.

सळ्या उघड्या अंगणात महिनोन्महिने ठेवू नका. उन्हाने वरचं रेझिन खडूसारखं होतं. ताडपत्री टाका, खाली ओंडके द्या.

किलोवर भाव काढणं

साइटवर प्रत्येकाला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र येतं. १२ एमएमला त्याने मीटरला ०.८९ किलो येतात. हे सूत्र लोखंडाचं आहे. फायबरला ते १६२ च्या जागी सुमारे ६२० धरून लावावं लागतं, म्हणजे तीच १२ एमएम मीटरला जेमतेम पाव किलो भरते. त्यामुळे किलोचा भाव पाहून महाग वाटते आणि मीटरचा भाव पाहून स्वस्त. दोन्ही तुलना अर्धवट आहेत. तुलना करायची ती दोन पूर्ण डिझाइनची: इतक्या जाडीचा स्लॅब, इतक्या सळ्या, इतका लॅप, रिंगांसह.

व्यासातही फसगत होते. काही ठिकाणी खाचांच्या वरून मोजलेला व्यास सांगतात, आतला गाभा बारीक असतो. सर्टिफिकेटवर प्रत्यक्ष क्षेत्रफळ आहे का ते पाहा.

भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८२५६ हे या सळ्यांचं मानक २०२३ मध्ये आलं आहे, बिलावर त्याचा उल्लेख असावा. टेस्ट रिपोर्टमध्ये तुमच्याच बॅचचा नंबर हवा, आणि ताकदीसोबत मॉड्युलसही. अंदाजासाठी अमेरिकेच्या एएसटीएम डी ७९५७ या मानकाचे आकडे लक्षात ठेवा: मॉड्युलस किमान ४४.८ गिगापास्कल, तंतूंचं प्रमाण वजनाने किमान ७० टक्के, रेझिन मऊ पडण्याचं तापमान किमान १०० अंश सेल्सिअस, २४ तासांत पाणी शोषण जास्तीत जास्त ०.२५ टक्के. रेझिन कोणतं तेही विचारा. काँक्रीटच्या अल्कलीत व्हिनिल एस्टर टिकतं, स्वस्तातलं पॉलिएस्टर टिकेल याची खात्री नाही. ज्या रिपोर्टवर फक्त ताकद मोठ्या अक्षरात छापली आहे, तो माल मी परत पाठवीन.

रेझिन मऊ पडण्याच्या तापमानामुळे आगीचा विचारही करावा लागतो. स्वयंपाकघर, गोदाम, इमारतीखालचं पार्किंग अशा जागी वरच्या स्लॅबला या सळ्या असतील, तर फायर रेटिंगचा प्रश्न डिझाइनरसमोर आधीच ठेवा. सळईजवळ वेल्डिंग करू नका. आणि जिथे पायातल्या-कॉलममधल्या लोखंडाचा अर्थिंगला उपयोग करतात, तिथे हे लक्षात ठेवा की फायबर वीज वाहून नेत नाही. वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या यंत्रणेची पट्टी वेगळी उतरवावी लागते.

काम होऊन गेलंय आणि आता शंका आलीय

सेंटरिंग अजून काढलं नसेल तर काढू नका. काढलं असेल आणि झोळ दिसत असेल तर टेकू परत लावा, वर सामान आणि टाईल्स चढवणं थांबवा. तड्यांवर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा. दर आठवड्याला पाहा. पुट्टी भरून झाकण्याची घाई केली तर तडा वाढतोय की थांबलाय हे कळायचा मार्ग जातो. मग डिझाइनरकडून लोड टेस्ट करून घ्या. उपाय निघतो: खालून लोखंडी गर्डर देऊन गाळा (दोन आधारांमधलं अंतर) लहान करणं, किंवा तळाला कार्बन फायबरचे पट्टे चिकटवणं.

आणि एक काम ओतण्याच्या दिवशीच करा. लोखंड शोधणारं चुंबकीय लोकेटर या सळ्या दाखवत नाही. उद्या प्लंबर किंवा एसीवाला स्लॅबला भोक पाडेल, तेव्हा सळई कुठे आहे हे यंत्र सांगणार नाही. ओतण्याआधी जाळीचे टेप धरून फोटो काढा, अंतर ड्रॉइंगवर लिहा आणि ती फाइल घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.