दुसरी चावी कुठाय?

"साहेब, गाडी गेली," म्हणत माणूस ठाण्यात आला की मी त्याला आधी बसवायचो, पाणी द्यायचो आणि विचारायचो, "दुसरी चावी कुठाय?" बहुतेकांना राग यायचा. गाडी गेलीय आणि हा हवालदार चावीचं काय घेऊन बसलाय! पण विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसली की खुलासे देता देता नाकी नऊ येतात. निवृत्त झालो तरी सोसायटीत कुणी नव्या गाडीचे पेढे आणले की मी हाच प्रश्न विचारतो. चावी हरवली असेल तर लगेच पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा. नवी चावी कंपनीच्या वर्कशॉपमधूनच घ्या, हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढायला सांगा आणि बिल फाइलला लावा.

चोरीला दुचाक्याच जास्त जातात. हँडल लॉकवर विसंबू नका, ते नावालाच कुलूप. डिस्क लॉक लावा, नाहीतर जाड साखळी चाकातून घेऊन लोखंडी ग्रिलला अडकवा. "दोन मिनिटांत येतो" म्हणून चावी स्विचलाच ठेवणाऱ्यांच्या फिर्यादी मी इतक्या लिहिल्यात की पुढचं वाक्य मला पाठ असायचं: "दूध घ्यायला गेलो होतो." अशा वेळी विमा कंपनीही "तुम्ही काळजी घेतली नाही" म्हणून हात वर करू बघते.

चारचाकीची तऱ्हा वेगळी. पूर्वी वायरी जोडून गाडी चालू करायचे. आताचा चोर स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ असलेल्या सॉकेटला यंत्र लावतो. वर्कशॉपवाला गाडीचा दोष बघायला जिथे स्कॅनर जोडतो, तेच हे ओबीडी सॉकेट. तिथून कोरी चावी गाडीला ओळखीची करून घेता येते. त्या सॉकेटवर बसणारं कुलूप मिळतं, ते लावा. पण माझा जास्त भरवसा जुन्या गिअर लॉकवर. इलेक्ट्रॉनिक यंत्राला ते उघडत नाही, कापायला वेळ लागतो, आवाज होतो आणि काचेतून ते दिसतं. दिसणं महत्त्वाचं, कारण शेजारी बिनकुलपाची तशीच गाडी उभी असते. (शेजाऱ्यालाही सांगा, नाहीतर ते बरं दिसत नाही.)

बटणाने चालू होणाऱ्या गाडीची चावी दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. एकजण चावीचा सिग्नल बाहेरून पकडून वाढवतो, दुसरा गाडीपाशी उभा असतो. गाडीला वाटतं मालकच आला. सिग्नल अडवणारं पाकीट घ्या, पण घेतल्यावर तपासा: चावी त्यात बंद करून गाडीजवळ जा आणि हँडलला हात लावा. दार उघडलं तर पाकीट परत करा.

जीपीएस ट्रॅकर बसवाच, मात्र स्वतःची बॅटरी असलेला आणि सहज हाताला न लागणाऱ्या जागी. मोबाइलवर नकाशात गाडी दिसली तर एकट्याने मागे धावू नका, पोलिसांना सोबत घ्या.

चोरीची गाडी विकतात कशी? एक वाट म्हणजे अपघातात मोडीत निघालेल्या तशाच मॉडेलची कागदपत्रं मिळवायची आणि तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचा. म्हणून जुनी गाडी घेताना चेसिस नंबरावर बोट फिरवून बघा. आकडे वरखाली असतील, आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल तर बयाणा देऊ नका. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवरची नोंद, आरसी आणि गाडी तिन्ही जुळली पाहिजेत. आणि तुमचीच गाडी कधी भंगारात निघाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करा. आरसी भंगारवाल्याच्या हाती देऊ नका.

गाडी जागेवर नसली तर पहिल्यांदा वाहतूक शाखेने उचलली नाही ना, ते विचारा. नसेल तर ११२. मग एफआयआर. हद्दीचा वाद ऐकू नका, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो. माहिती ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. फास्टॅग घाईने बंद करू नका. टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला, तर गाडी खेड शिवापूरला आहे की आणखी कुठे, हे तपास अधिकाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. एफआयआर लगेच केला असेल, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. तरी कोर्टाची पायरी कशाला चढा! नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हाच आकडा धरतात, तीन-चार वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून ४० टक्के वजा झालेले असतात. गाडी सापडलीच नाही तर तपास बंद करताना 'अ समरी' होते, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. तो कागद कंपनी मागते, त्याचा पाठपुरावा तुम्हीच करा.

आणि गाडी सापडली तर? ती मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा असते, कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, सोडवावी लागते. अर्ज पावसाळ्याआधी करा. ठाण्याच्या आवारात आधी टायर बसतात, मग उंदीर वायरिंग खातात.